जिथे जीभ पोचत नाही

मांजराला आंघोळ घालावी लागत नाही, ते आपले आपण स्वच्छ राहते, असे आपल्याकडे सगळेच म्हणतात. आखूड केसांच्या मांजराच्या बाबतीत ते अगदी खरे आहे. झोप आणि विश्रांती वगळता उरलेल्या वेळातला जवळपास चौथा भाग मांजर स्वतःला चाटण्यात घालवते. त्याच्या जिभेवर घशाकडे वळलेले शेकडो काटे असतात. आपली नखे ज्या केराटिनची बनतात, त्याच केराटिनचे. 2018 साली अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेतील ॲलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू यांनी या काट्यांचा बारकाईने केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. हे काटे टोकाशी खोलगट असतात. त्या खोलगट जागेत लाळ आपोआप ओढली जाते आणि थेट केसांच्या मुळाशी जाऊन उतरते. जिभेचा दाब पडला की केसांचा थर चेपतो आणि काटा कातडीला टेकतो. घरच्या मांजरापासून हिमबिबट्या, वाघ आणि सिंहापर्यंत हा हिशेब जुळला. जुळला नाही तो पर्शियन मांजराच्या बाबतीत. त्याचे केस इतके दाट आणि लांब असतात की चेपल्यावरही त्यांच्या थराची जाडी काट्याच्या लांबीपेक्षा जास्त उरते.

लांब केसांच्या मांजराची निगा राखण्याबद्दल जे काही सांगायचे ते या एका निरीक्षणातून निघते. पर्शियन मांजर आळशी नसते, अस्वच्छही नसते. ते इतर मांजरांइतकेच मन लावून चाटते, पण वरचे केस ओले होतात आणि खालचे तसेच राहतात. जिथे जीभ थांबते तिथून पुढचे काम माणसाचे. आणि घरोघरी जी चूक होते तीही नेमकी इथेच होते, कारण आपला ब्रशसुद्धा बहुतेक वेळा जीभ थांबते तिथेच थांबतो.

हे केस आले कुठून, ते थोडक्यात पाहू. केस आयुष्यभर सारख्या वेगाने वाढत नाहीत. काही काळ वाढतात, मग थांबतात, मग गळतात. वाढ कुठे थांबवायची याचा इशारा देणाऱ्या प्रथिनाचा आराखडा एफजीएफ-5 या जनुकात असतो. या जनुकात बिघाड झाला की इशारा मिळत नाही आणि केस वाढतच राहतात. मांजरांत असे चार वेगवेगळे बदल असल्याचे 2007 मध्ये दाखवण्यात आले. हा गुण अप्रभावी आहे, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून बिघडलेली प्रत आली तरच पिल्लू लांब केसांचे होते. म्हणूनच चाळीतल्या साध्या, आखूड केसांच्या भाटीलाही कधी कधी झुपकेदार शेपटीचे पिल्लू होते आणि सगळे चकित होतात. तिच्यात आणि बोक्यात तो गुण पिढ्यान्‌पिढ्या दडून असतो.

युरोपात ही लांब केसांची मांजरे सतराव्या शतकात पोचली. इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाल्ले याने 1620 च्या सुमारास इराणमधून लिहिलेल्या पत्रात खोरासानातल्या लांब केसांच्या मांजरांचे वर्णन केले. पण आपल्या दृष्टीने अधिक जवळची नोंद आहे ती माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनची. मुंबईचा गव्हर्नर म्हणून महाराष्ट्राला तो ठाऊक आहे. त्याआधी तो पेशव्यांच्या दरबारी पुण्यात रेसिडेंट होता आणि त्याच काळात, 1815 साली, त्याचा काबूलच्या राज्यावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात त्याने लिहून ठेवले आहे की ‘बुराक’ नावाची लांब केसांची मांजरे तिथून मोठ्या संख्येने बाहेर पाठवली जातात आणि सगळीकडे इराणी म्हणून ओळखली जातात, पण खुद्द इराणातून ती क्वचितच येतात. म्हणजे नावाचा घोटाळा दोनशे वर्षांपूर्वीच कोणाच्या तरी लक्षात आला होता. आजच्या पर्शियन मांजराचे तर इराणशी नाते फारच पातळ आहे. 1871 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वेअर याने मांजरांचे मोठे प्रदर्शन भरवले. त्यानंतर इंग्लंड-अमेरिकेत निवडीने पैदास सुरू झाली. पिढीगणिक केस लांब, मऊ आणि दाट होत गेले. 2008 मधल्या एका जनुकीय अभ्यासात पर्शियन मांजरे पश्चिम आशियातल्या मांजरांपेक्षा पश्चिम युरोपातल्या मांजरांना जवळची निघाली. एवढा दाट केशसंभार निसर्गाने घडवला नाही. तो माणसाने निवडून वाढवला, म्हणून त्याची जबाबदारीही माणसाचीच.

आपल्याकडे मुंबई-पुण्यात ‘ट्रिपल कोट’, ‘डॉल फेस’, ‘सेमी पंच’, ‘पंच फेस’ असे शब्द वापरून पिल्ले विकली जातात. ‘ट्रिपल कोट’ ऐकून वाटते की अंगावर तीन थर आहेत. खरे असे की बहुतेक मांजरांच्या अंगावर तीन प्रकारचे केस असतातच: वरचे जाड राठ केस, मधले थोडे बारीक आणि कातडीलगतची मऊ लव. साध्या मांजरात आणि पर्शियनमध्ये फरक पडतो तो प्रमाणाचा. नॉर्वे-सायबेरियाकडच्या लांब केसांच्या मांजरांत वरचे केस राठ, तुळतुळीत, पाणी झटकणारे असतात, म्हणून त्यांच्यात गुंता कमी होतो. पर्शियनची लव मात्र लांबीने वरच्या केसांची बरोबरी करू पाहते. ती कापसासारखी मऊ असते आणि मऊ केसच लवकर गुंततात. विक्रेता ‘ट्रिपल कोट’ म्हणून जास्तीचे पैसे घेतो तेव्हा तो दाट लवच विकत असतो. ती घेणाऱ्याने तेवढा जास्तीचा वेळही द्यायची तयारी ठेवावी.

आता गुंता होतो कसा ते नीट समजून घ्यायला हवे, कारण ते कळले की निम्मी काळजी आपोआप घेतली जाते. केसाचा पृष्ठभाग गुळगुळीत दिसतो, पण त्यावर सूक्ष्म खवले असतात आणि त्या सगळ्यांचे तोंड टोकाकडे असते. लव गळते तेव्हा आखूड केसांच्या मांजरात ती जमिनीवर पडते. लांब केसांत ती गळूनही बाहेर पडत नाही, जिवंत केसांमध्ये अडकून राहते. मग मांजर चालते, बसते, कुशीवर वळते आणि केसांवर केस घासले जातात. खवल्यांमुळे गळालेला केस एकाच दिशेने सरकू शकतो, मागे येऊ शकत नाही. त्यात थोडे तेल, थोडी लाळ, थोडा दमटपणा मिसळला की लोकरीचा नमदा ज्या क्रियेने बनतो तीच क्रिया मांजराच्या अंगावर सुरू होते. म्हणून गुंत्याच्या जागा ठरलेल्या असतात: पुढच्या पायांच्या काखा, कानामागे, हनुवटीखाली, पट्टा बांधला असेल तर मानेभोवती, पोट, जांघा आणि शेपटीखालचा भाग. पाठ शेवटी गुंतते. पण आपण हात फिरवतो पाठीवर आणि ब्रशही मारतो पाठीवर. वरून मांजर रेशमासारखे दिसते आणि काखेत सुपारीएवढी गाठ तयार झालेली असते.

गाठ ही केवळ दिसण्याची बाब नाही. मांजराची कातडी पातळ आणि सैल असते. गाठ केसांना मुळापासून आवळून धरते आणि पाऊल टाकताना दर वेळी ती कातडी ओढली जाते. काखेतल्या गाठीमुळे मांजर उडी मारायचे टाळू लागते, हात लावला की फिस्कारते आणि घरातले म्हणतात, ‘स्वभाव बिघडला.’ गाठीखाली हवा लागत नाही, ओल साचते, जखम होते. शेपटीखालच्या केसांत शी अडकून राहिली तर पावसाळ्यात माश्या तिथे अंडी घालतात आणि किडे पडतात. पशुवैद्यांना हे नवीन नाही. बघणाऱ्याला मात्र ते विसरता येत नाही.

साधने फार लागत नाहीत. मुख्य हत्यार एकच: धातूचा कंगवा. एका बाजूला विरळ आणि दुसऱ्या बाजूला दाट दात असलेला, दातांची टोके गोलसर असलेला. दात निदान केसांच्या थराइतके लांब हवेत, नाहीतर तो कातडीपर्यंत जाणारच नाही. प्लॅस्टिकचा कंगवा टाळावा, त्याने कोरड्या हवेत केसांत वीज साठते, ते उभे राहतात आणि जास्त गुंततात. तारांचा स्लिकर ब्रश असला तर चांगले, पण तो हलक्या हाताने आणि शेवटी वापरायचा, नाहीतर तारा कातडीला ओरखडे काढतात. पात्याने लव ओढून काढणारी साधने दुकानांत खूप खपतात. पर्शियनच्या मऊ केसांवर ती वापरू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. ती गळालेल्या केसांबरोबर धडधाकट केसही तोडतात आणि तुटक्या केसांची टोके पुन्हा गुंततात. बोथट टोकाची लहान कात्री, नखे कापायचे यंत्र आणि जमल्यास कमी आवाजाचा ट्रिमर, एवढ्यावर घर चालते.

साधनांपेक्षा अवघड आहे मांजराची संमती. कुत्रा धन्याला खूश ठेवण्यासाठी पुष्कळ सोसतो, मांजर सोसत नाही. त्याला एकदा जबरदस्तीने दाबून धरले की कंगवा पाहताच ते पलंगाखाली जाते. पिल्लू घरात आले त्याच आठवड्यात सुरुवात करावी. तेव्हा केसांत गुंता नसतो, म्हणून दुखतही नाही, आणि तेच हवे असते. दुखण्याआधी सवय लागली पाहिजे. मोठ्या मांजराच्या बाबतीतही क्रम तोच, फक्त सावकाश. पहिले काही दिवस कंगवा नुसता जमिनीवर ठेवायचा, हुंगू द्यायचा. मग गालांवरून, हनुवटीखालून एक-दोनदा फिरवायचा, कारण तिथे खाजवून घेणे मांजराला मुळातच आवडते. मग लगेच आवडीचा खाऊ द्यायचा आणि थांबायचे. वेळ निवडावी ती जेवणानंतरची किंवा खेळून दमल्यावरची, मांजर स्वतःच चाटायला बसते तेव्हाची.

थांबायचे कधी हे मांजरच सांगते. शेपटीचे टोक आपटू लागते, कान बाजूला वळतात, पाठीवरची कातडी थरथरते, मान झटकन हाताकडे वळते. यातले पहिले चिन्ह दिसताच कंगवा बाजूला ठेवावा. चावा घेतल्यावर थांबलात तर चावल्यावर सुटका होते हे मांजर शिकते आणि पुढच्या वेळी आधीच चावते. दोन मिनिटांत एक पाय झाला तर एक पाय झाला. उरलेले संध्याकाळी. रविवारी तासभर बसून सगळे एकदम उरकण्याचा बेत पर्शियनच्या घरात चालत नाही. रोजची पाच-दहा मिनिटेच चालतात.

आता प्रत्यक्ष विंचरणे. सुरुवात पाठीपासून न करता मागच्या पायाच्या खालच्या टोकापासून करावी. डाव्या हाताच्या पंजाने केसांचा वरचा सगळा थर उचलून धरायचा, म्हणजे खाली केसांची एक पातळ ओळ मोकळी राहते आणि तिच्या मुळाशी गुलाबी कातडी दिसते. ती ओळ कातडीपासून टोकापर्यंत विंचरायची. आधी विरळ दातांनी, मग दाट दातांनी. झाली की डाव्या हातातून आणखी थोडे केस खाली सोडायचे आणि पुढची ओळ घ्यायची. असे करत पायावरून कुशीवर, कुशीवरून पाठीकडे चढायचे. प्रत्येक ओळीत कातडी दिसली पाहिजे, हीच कसोटी. कातडी दिसली नाही तर तुम्ही वरवरचे विंचरता आहात आणि खाली गाठ जमते आहे. पहिल्यांदा याला वेळ लागतो. महिन्याभरात हात बसतो आणि डाव्या हाताची बोटेच सांगू लागतात की कुठे केस दाटले आहेत.

पोट आणि काखा सगळ्यात नाजूक. मांजराला उताणे पाडून पोट विंचरू नये. ती जागा ते सहसा कोणाला देत नाही, आणि उताणे पडलेल्या मांजराचे चारही पंजे मोकळे असतात. त्याला मांडीवर पाठ तुमच्याकडे करून बसवावे, एका हाताने छातीखाली आधार देऊन पुढचा भाग थोडा उचलावा आणि दुसऱ्या हाताने खालून कंगवा फिरवावा. घरात दोन माणसे असतील तर दुसऱ्याने समोरून खाऊ चाटवत राहावे. काखेसाठी पुढचा पाय पुढच्या दिशेने हळूच लांबवावा, बाजूला फाकवू नये, कारण मांजराच्या खांद्याची ठेवण तशी नसते. शेपूट अगदी हलक्या हाताने विंचरावी. तिथले केस तुटले तर झुपका पुन्हा भरायला फार वेळ लागतो.

गाठ सापडलीच तर कात्री हातात घेऊ नका. हे वाक्य मी या प्रकरणातले सर्वांत महत्त्वाचे समजतो. गाठ कातडीला घट्ट चिकटलेली असते आणि ती बोटांनी वर ओढली की सैल कातडी तिच्यासोबत तंबूसारखी वर येते. केस कुठे संपतात आणि कातडी कुठे सुरू होते ते डोळ्यांना दिसत नाही. कात्री एकदाच दाबली जाते आणि टाके घालायला दवाखान्यात धावावे लागते. त्याऐवजी गाठीवर चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळावे. त्याने तेलकटपणा शोषला जातो आणि केस एकमेकांवरून सरकू लागतात. गाठीखालचे केस कातडीलगत दोन बोटांच्या चिमटीत धरावेत, म्हणजे ओढ चिमटीवर येईल, कातडीवर येणार नाही. मग आधी बोटांनी, नंतर कंगव्याच्या टोकाच्या दाताने, टोकाकडून मुळाकडे थोडी थोडी उकलावी. एका बैठकीत न सुटली तरी चालेल. मुळीच सुटत नसेल तर कातडी ताणून सपाट धरून ट्रिमरने मुळाशी कापावी. पाते तापते, म्हणून ते मधूनमधून हाताच्या आतल्या बाजूला लावून पाहावे. आणि गाठी एकमेकींना जुळून अंगभर चादर तयार झाली असेल तर घरी काही करू नये. पशुवैद्य गुंगीचे औषध देऊन ती उतरवतात. शुद्धीवर असलेल्या मांजराला तासभर धरून भादरण्यापेक्षा त्यातच दया आहे.

उन्हाळ्यात सगळे केस काढून टाकावेत का, असे नागपूर-सोलापूरकडचे लोक हटकून विचारतात. बहुतेक घरांत त्याची गरज नसते. अंगावर अडकलेली मृत लव रोजच्या विंचरण्याने निघून गेली की केसांतून हवा खेळते. उघडी कातडी उन्हाने भाजते, खिडकीत लोळणाऱ्या मांजराची तर नक्कीच. हिमालयन म्हणजे चेहरा, कान, पाय आणि शेपटी गडद असलेल्या पर्शियनमध्ये आणखी एक गंमत घडते. त्यांचा रंग कातडीच्या तापमानावर ठरतो, थंड जागी केस गडद उगवतात. भादरल्यावर कातडी थंड पडते आणि पाठीवर नवे केस काळपट येतात. मालक घाबरतात, पण ती रोगाची खूण नाही. पुढच्या वेळचे केस पुन्हा पूर्वीच्या रंगाचे येऊ शकतात. शेपटीखालचे आणि मागच्या पायांच्या आतले केस मात्र बाराही महिने आखूड ठेवावेत. तळव्यांच्या गाद्यांमधलेही, कारण त्यांना शौचाच्या ट्रेमधली वाळू चिकटते आणि फरशीवर पाय घसरतो.

आंघोळीबद्दल एक नियम पाळला तर बाकी सगळे सोपे आहे: आधी पूर्ण विंचरायचे, मग पाणी. पाणी लागले की गाठ आवळते आणि वाळली की दगड होते. पाणी कोमट, तान्ह्या बाळाला घालतो तेवढे, कोपरावर ओतून पाहून. टबात किंवा सिंकमध्ये रबरी चटई घालावी, कारण पाय घसरला की मांजराचा धीर सुटतो. नळाची धार अंगावर सोडू नये, तांब्याने हळूहळू ओतावे. तोंडावर पाणी न घालता ओल्या फडक्याने पुसावे. शाम्पू मांजरासाठी बनवलेलाच हवा आणि तो धुऊन काढायला लावण्याच्या दुप्पट वेळ द्यावा, कारण अंगावर जे राहील ते मांजराच्या पोटात जाणार आहे. मग टॉवेलने चोळायचे नाही, दाबून पाणी टिपायचे. नंतर पुरते वाळेपर्यंत लक्ष ठेवायचे. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर या महिन्यांत दाट लव आपोआप वाळत नाही. दमट राहिलेल्या कातडीवर बुरशी धरते. मांजरांतला गजकर्ण बहुतांशी मायक्रोस्पोरम कॅनिस या बुरशीमुळे होतो. पर्शियन मांजरांना तो इतरांपेक्षा सहज होतो आणि त्यांच्याकडून घरातल्या मुलांना. गोल चकत्यांत केस गेलेले दिसले तर दवाखाना गाठावा आणि त्या मांजराचा कंगवा दुसऱ्याला लावू नये. पावसाळ्यात शक्य तर आंघोळ पुढे ढकलावी. कोरडे कॉर्नफ्लोअर भुरभुरून ते कंगव्याने पूर्ण विंचरून काढले तरी तेलकटपणा बराच जातो. अंगाला लावायची सुगंधी टाल्कम पावडर मात्र वापरू नये, तिची धूळ फुप्फुसांत जाते.

इथे आपल्या घरातल्या सवयींबद्दल बोलणे भाग आहे. गुंता दिसला की मराठी हात खोबरेल तेलाकडे जातो. मुलींच्या वेण्यांसाठी ते ठीक आहे. मांजराच्या लवेवर तेल बसले की धूळ चिकटते आणि गुंता दुप्पट होतो. तेलाने निदान विषबाधा तरी होत नाही. पण आंघोळीच्या पाण्यात डेटॉलचे दोन थेंब घालण्याची सवय मांजराच्या जिवावर बेतू शकते. फिनॉल वर्गातली रसायने निकामी करून बाहेर टाकायला यकृताला जे विकर लागते ते मांजराच्या यकृतात जवळपास नसतेच. कुत्र्याला किंवा माणसाला चालणारे द्रव्य मांजराला विष ठरते ते यामुळे. फिनाइलने पुसलेली ओली फरशी, टी-ट्री तेल, इतर तीव्र सुगंधी तेले हीसुद्धा मांजरापासून लांब ठेवावीत. आणि सर्वांत घातक म्हणजे कुत्र्याच्या गोचिडांसाठी मिळणारे पर्मेथ्रिन असलेले औषध. मानेवर टाकलेल्या थोड्या थेंबांनी मांजराला झटके येतात आणि ते दगावते. पिसवांसाठी औषध घेताना बाटलीवर मांजराचे नाव छापलेले आहे ना, हे वाचल्याशिवाय झाकण उघडू नये.

चपट्या तोंडाच्या मांजराचा चेहरा हे रोजचे वेगळे काम आहे. नाक आत दबल्याने डोळ्यांतले पाणी नाकात नेणारी नळी वाकते, मग अश्रू गालांवरून वाहतात आणि तपकिरी डाग पडतात. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून खाली असा पुसावा. दोन डोळ्यांना दोन बोळे. पाणी हिरवट-पिवळे होऊ लागले किंवा मांजर एक डोळा मिटून बसले तर पुसत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे. अशा चपट्या ‘पंच फेस’ला बाजारात भाव जास्त मिळतो हे मला खुपते. त्या चेहऱ्यामुळे मांजराला श्वास घ्यायला, अन्न उचलायला आणि उकाडा सहन करायला त्रास होतो. ज्यांना पर्शियनच हवे आहे त्यांनी नाक नीट पुढे आलेले मांजर घ्यावे.

रोज विंचरण्याचा एक फायदा असा आहे की तो मोजून दाखवता येत नाही, पण अनेक मांजरांचे प्राण त्याने वाचतात. केसांच्या डोलाऱ्याखाली मांजर किती रोडावले आहे ते डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळते. बरगड्या हाताला लागू लागल्या, पोटावरच्या स्तनांजवळ वाटाण्याएवढी गाठ लागली, तर लगेच दाखवावे. मांजरांतल्या स्तनांच्या गाठी बहुतेक वेळा कर्करोगाच्या निघतात आणि लहान असताना काढल्या तरच उपयोग होतो. कंगव्यात काळे बारीक कण आले तर ते ओल्या पांढऱ्या कागदावर टाकून पाहावेत. भोवती तांबूस वलय उमटले तर ती पिसवांची विष्ठा आहे, म्हणजे पचलेले रक्त.

आणि जे मांजर वर्षानुवर्षे नीट होते त्याच्या कमरेजवळ, शेपटीच्या मुळाशी एकाएकी गुंता होऊ लागला तर दोष कंगव्याचा नसतो. मान वळवून तिथपर्यंत जीभ नेणे त्याला दुखते आहे. 2002 साली अमेरिकेत बारा वर्षांवरच्या मांजरांचे एक्स-रे पाहण्यात आले तेव्हा दहापैकी नऊ मांजरांत सांध्यांची झीज आढळली. मांजर लंगडत नाही, कण्हत नाही, ते फक्त चाटायचे सोडते. दातदुखी असलेले किंवा फार लठ्ठ झालेले मांजरही तसेच करते. अशा वेळी विंचरणे थांबवायचे नाही, उलट वाढवायचे, हात आणखी हलका करायचा आणि डॉक्टरांकडून वेदनेवर औषध घ्यायचे. सांधेदुखीवर घरातली माणसांची गोळी देऊ नये. पॅरासिटामॉल मांजराला मारते.

पर्शियन पिल्लू घरी आणायचा विचार असेल तर आधी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून एवढेच विचारा: पुढची बारा-पंधरा वर्षे रोज दहा मिनिटे कोण देणार? परीक्षा असो, पाहुणे असोत, गणपती असोत. उत्तर नक्की असेल तरच आणा. नसेल तर आपल्याच गल्लीतले आखूड केसांचे पिल्लू घरी न्या. त्याची जीभ कातडीपर्यंत पोचते, ते आपले आपण स्वच्छ राहील, आणि त्याला घराची गरज पर्शियनपेक्षा कितीतरी जास्त आहे.